समितीपुढं गोरोबा भावजी

"मिल्ट्रीनं तुमास्नी सोडलं, तुमी मिल्ट्री कवा सोडणार? समद्यांचं औषध आणता, सवताचा गुडघा कुणाला दावणार?" शेजारची तारामती नवऱ्याला, गोरोबा भावजींना, झाडत होती.

"हळू बोल, वैनी ऐकत आसतील."

म्या ऐकतच होते. मग कुडाअलीकडं भांडी जोरात घासायला लागले.

त्याला लई वर्षं झाली. गोरोबा भावजी आमच्या ह्यांच्यासंगं फौजेत होते. जळकोटातले जुने फौजी आन् माझ्यासारख्या मागं राहिलेल्या बाया, समद्यांची कार्डं घेऊन ते यष्टीनं सोलापूरच्या फौजी दवाखान्यात जायचे. गोळ्या आणून घरोघर द्यायचे. पुढं गुडघा वाकंना. दवाखान्याची गाडीच महिन्यातनं एकदा गावात यावी, एवढंच त्यांचं मागणं.

यंदा धाराशिवला आमदारांची समिती आली, फौजी लोकांच्या सोयी नीट होतात का ते बघायला. आमाला जीपनं नेलं. मला तर काय कळंना. मतं मागताना भांडणारे पक्ष एका टेबलाला बसून एकाच ताटलीतले काजू खात होते. फौजी लोकांच्या सोयी बघणाऱ्या सरकारी सायबाला ते झाडत होते, सायब घाम पुसत होता. मग ह्यात सरकार कोण?

भावजी म्हणाले, "वैनी, समिती हुकूम देत न्हाय. विचारती, आन् वर सभागृहाला सांगती."

"मग करतं कोण?"



समितीच्या अध्यक्षांनी आधी आमच्यातल्या शरणम्माला विचारलं, "आजी, औषधं मिळतात का?"

"मिळत्यात की! घरपोच!"

आमीबी माना हलवल्या. अध्यक्ष खूश. सायबाला म्हणाले, "शाब्बास!" सायब बावचळून आमच्याकडंच बघाय लागला. भावजी अर्धे उठले, तसेच खाली बसले. समिती दुसऱ्या गावाकडं वळली.

जीपमधी म्या भावजींना विचारलं, "गाडीचं का बोलला न्हाय?"

"काय बोलू? ती खोटं कुठं बोलली? आन् 'म्याच आणतो' म्हणून सवताचीच आरती करू?"

शरणम्मा चमकली. "म्हंजी? तुमाला सरकार धाडत न्हाय? पेन्शन घेताय न्हवं?"

भावजी हसले, गुडघा चोळत बसले. चुकलं कुणाचं, मला अजून उमगंना.

गाडी काय आली न्हाय. भावजी वारले त्या आठवड्यातबी सोलापूरला जाऊन आले. शरणम्माला साखरेच्या गोळ्या दिल्या, मला बीपीच्या. "उपाशीपोटी घिऊ नका, वैनी," म्हणाले, आन् पिशवी सावरत पुढच्या दारी गेले.