मारुतीपुढं पाठवणी

मी बोलायला लागले की थांबत न्हाई, असं आमच्या घरात सगळेच म्हणतात. म्हणू द्या. हळ्ळीखेडच्या बसस्टँडामागं माझं शिलाईचं दुकान हाय, तिथं दिवसभर बायका येऊन इतकं बोलतात की त्यात माझं बोलणं कुणाला ऐकूच येत न्हाई. पण पंचशीलाची गोष्ट मलाच सांगावी लागल. तिला पहिली ऑर्डर ह्या सुधारानीनं, म्हंजे मीच, मिळवून दिली, आन त्या दिवशी शिव्याबी हिनंच खाल्ल्या.

पंचशीला म्हंजे नरसिंग मास्तरची पोरगी. नरसिंग मास्तर बँडवाले. हुमनाबादपासून भालकीपर्यंत कुणाकडं सोयरीक जमली की आधी मास्तरला मोकळा दिवस विचारायचा, मग तिथी धरायची. मास्तर क्लॅरनेट तोंडाला लावून वरातीच्या पुढं चालायला लागले की लोक नवरदेवाला सोडून त्यांच्याकडंच बघायचे. भीमजयंतीला मास्तर, बसवजयंतीला मास्तर, उरसाला मास्तर. असा माणूस.

क्लॅरनेट पोरीला त्यांनीच शिकवली. फ्रॉकात होती तेव्हापासून शिकवली. पण लग्नात नेलं की उभं करायचे मागच्या लायनीत. आता बँडमधी कसं असतं, पुढचा माणूस चाल धरतो आन मागच्यांनी सेकंड वाजवायचं. सेकंड म्हंजे खालनं आधार द्यायचा, आपला आवाज वर काढायचा न्हाई. पोरगी कॉलेजात गेली, बी.ए. झाली, बापाच्या सगळ्या चाली तिला पाठ झाल्या, तरी सेकंडच. एकदा तिनं धीर करून विचारलं, "बाबा, येका लग्नाला पुढं मी राहू का?" मास्तर हसले.

माझ्या दुकानात येऊन बसली त्या दिवशी. मी काज करायले व्हते. म्हणली, "हसले, अक्का. रागावले असते तर चाललं असतं मला."

मग ह्या बयेनं आपला बँड काढला. चुलतभाऊ रत्नपाल साईड ड्रमवर. आयटीआयची दोन पोरं ढोलावर. बसलिंगप्पाचा राजशेखर ट्रम्पेटवर, ज्याच्या बापाला वाटायचं की पोरगं कॉम्प्युटर क्लासला जायलंय. आणखी चार-दोन पोरंपोरी. समाजमंदिरात रोज दुपारी प्रॅक्टिस. सुरुवातीला काय वाजवायचे विचारू नका. शेजारची यल्लम्मा म्हणायची, ह्यांच्यापायी माझी म्हैस दूध चोरायलीय. पण पोरं मागं हटली न्हाईत. पंचशीला येकेकाला धरून बसवायची, चुकला की पुन्हा, पुन्हा चुकला की पुन्हा. हळूहळू असं झालं की तुरीच्या रानातनं परतणाऱ्या बायका डोक्यावरचं वझं न उतरवता दारात उभ्या राहून ऐकायला लागल्या.

मास्तरच्या कानावर गेलंच. घरात काय कडाका झाला असल, मी तिथं नव्हते. पण शेवटी ठरलं ते असं: ह्या लग्नसराईत पंचशीलानं येक तरी लग्न नीट वाजवून दाखवायचं. न्हाई जमलं तर गुमान बापाच्या मागच्या लायनीत यायचं, आन पुढं राहायची भाषा पुन्हा करायची न्हाई. पोरगी व्हय म्हणली.

आन ऑर्डर येईना. पोरं चांगली वाजवतात हे सगळ्यांना ठावं, पण वरातीपुढं पोरगी चालणार, मग पाहुणे काय म्हणतील? आमच्याकडं पाहुण्यांचं लई भ्या. लग्नसराई सरत आली.

तेवढ्यात माझ्या भावाचं, महेशकुमारचं ठरलं. मी म्हणलं, बँड पंचशीलाचा. आमचे वडील, अप्पा, गुरुशांतप्पा त्यांचं नाव, म्हणले, "डोकं फिरलंय का तुझं? नरसिंग मास्तर गावात असताना लेकरांचा खेळ आणायलीस?" मी वाद घातला न्हाई. घरातल्या साऱ्या बायकांचे झंपर माझ्या मशीनवर व्हते. म्हणलं, पंचशीला न्हाई तर झंपर न्हाई. आमची आई म्हंजे अव्वा, दोन काकू, तिन्ही आत्या येका रात्रीत माझ्या बाजूनं झाल्या. अप्पा काय करतील बिचारे.

पण त्याच तिथीला वीरभद्रप्पाच्या पोराचं लग्न निघालं. हे वीरभद्रप्पा आडत दुकानवाले. पंचायतीच्या निवडणुकीपासून त्यांचं आन अप्पाचं येकमेकांकडं बघणं बंद हाय. त्यांनी बँड कुणाचा ठरवावा? नरसिंग मास्तरचा.

आता आमच्याकडं अक्षता पडायच्या आधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीला न्यायचं असतं, आन मारुती गावात येकच. तो आत जाऊन पाया पडून बाहेर येईस्तोवर बँड थांबवायचा नसतो. दोन वराती समोरासमोर आल्या तर मग विचारूच नका. ज्याचा बँड आधी थांबला ती वरात पडली म्हणतात, आन पुढं दहा वर्सं हॉटेलात बसून लोक तेच काढतात. म्हणून मी सोता वीरभद्रप्पाच्या घरी जाऊन बायका-बायकात ठरवून आले. त्यांनी दहाला जायचं, आम्ही अकराला.

पण त्यांचे थोरले जावई रुसले. कशापायी, तर त्यांना बांधलेला फेटा आन धाकट्या जावयाला बांधलेला फेटा येकाच रंगाचा निघाला. थोरल्याचा मान काय राहिला? खोलीत शिरून कडी लावून बसले. समजूत काढता काढता अकरा वाजले. आम्ही आमच्या गल्लीतनं निघालाव, ते त्यांच्या गल्लीतनं निघाले, आन मारुतीच्या पारापाशी गाठ पडली.

बाप त्या बाजूला, लेक ह्या बाजूला. मधी मारुती.

दोन्हीकडनं सुरू झालं मग. मास्तरनं जुनी ठेक्याची चाल धरली. पंचशीलानं कन्नड पिक्चरचं गाणं काढलं. त्यांच्याकडची पोरं नाचायला लागली, आमच्याकडची त्याहून वर. धुरळा उठला. दोन्ही नवरदेव गाडीत बसून घामानं निथळायलेत, पण पाया पडायला जावं कसं? ज्याचा बँड दबला त्याचा नवरदेव मागनं जाणार. मुहूर्त जवळ यायला लागला. मंडपातनं लग्न लावणाऱ्या स्वामींचा माणूस येऊन हात जोडून गेला. अप्पा माझ्या अंगावर आले, "तूच आणलीस ना तिला? आता सांग तिला, मेली तरी थांबायचं न्हाई." सकाळपर्यंत लेकरांचा खेळ व्हता, बगा.

खरं सांगते, पोरं भारी वाजवायली व्हती. रत्नपालचे हात दिसंनात इतका झपाटा. राजशेखरचा बाप गर्दीत उभा राहून आपलंच पोरगं ट्रम्पेट फुंकायलंय हे तोंड उघडं टाकून बघायला व्हता. आन पंचशीला पुढं, येकटी, मान ताठ. मला वाटलं, जितलीस पोरी. आता कोण हसतंय ते बघू.

तिकडं मास्तर वरच्या सुरात गेले आन सूर फाटला.

गेल्या साली मास्तरचा पुढचा दात पडलाय. क्लॅरनेट वरच्या दातावर टेकवून धरायची असते, दात नसला की वरचे सूर धरवत न्हाईत. घरात हे पंचशीलाला तेवढं ठावं व्हतं, मास्तर कुणाला दाखवत नसत. त्यांनी पुन्हा वर जायला बघितलं, पुन्हा फाटला. मग आमच्याच बाजूची टोळकी शिट्ट्या मारायला लागली. येक टवाळ वरडला, "मास्तर, आता घरी बसा." मला तोवर जिंकायची लई हौस व्हती, पण ते ऐकून ती हौसच गेली. मास्तर लाल झाले. तरी थांबले न्हाईत, फाटक्या सुरातच वाजवत राहिले.

पंचशीलानं हात वर केला. रत्नपालनं ड्रम रोखला. आन तिनं वरच्या पट्टीतनं सरळ खाली येऊन पाठवणी धरली.

आता पाठवणी म्हंजे लग्न लागून, जेवणं होऊन, नवरी सासरी निघते तेव्हाची चाल. इथं अजून अक्षता पडायच्यात, नवरी मंडपात पाटावर बसलीय, आन ही बया मारुतीपुढं पाठवणी वाजवायलीय. नाचणारी पोरं वर केलेले हात तसेच ठेवून उभी राहिली. पाठवणीवर कोण नाचंल? अप्पांनी कपाळावर हात मारला. मला तर वाटलं उन्हानं पोरीचं डोकं फिरलं.

पण बँडवाल्यांचा येक नियम हाय, तो मला रत्नपालनं मागनं सांगितला. पाठवणी सुरू झाली की तिच्यावर दुसरी चाल चढवायची न्हाई. कुणाची तरी लेक जायलीय, तिथं ईर्षा करायची नसते. ज्याच्या हातात वाद्य हाय त्यानं साथच द्यायची. आन ही चाल सगळी खालच्या सुरात चालते, म्हणून मास्तर नव्या पोराला पहिली तीच शिकवतात. पंचशीलाला बी तीच शिकवली व्हती.

मास्तरच्या माणसांनी ठेका बारीक केला, थांबवला न्हाई, आन मास्तरकडं बघायली. वीरभद्रप्पा वरडायलेत, "वाजवा, कामून ढिले पडलाव, वाजवा." मास्तर लेकीकडं बघत राहिले. मग क्लॅरनेट तोंडाला लावली आन तिच्या चालीखाली शिरले. सेकंड. बारीक, खालनं, तिचा सूर उचलून धरत. उभ्या जल्मात त्या माणसानं कुणाच्या मागं सेकंड वाजवलेलं आमच्या गावानं ऐकलं नव्हतं. त्यांच्या मागनं त्यांची सगळी माणसं शिरली, आन दोन बँडांचा येक झाला.

मग रडारड. बायकांना सवयच असते, पाठवणी ऐकली की डोळ्याला पदर. आमची अव्वा, सिद्धम्मा, सून घरात येणार म्हणून महिनाभर मिरवत व्हती, ती हुंदके द्यायली. मीबी रडले, लपवत न्हाई. अप्पा म्हणले, "अगं, आपण तर सून आणायलाव, रडायलीस कामून?" आन सोताच उपरण्यानं नाक पुसायलेत. सगळ्यात मोठ्यानं रडले ते वीरभद्रप्पांचे थोरले जावई. त्या गडबडीत दोन्ही नवरदेव गाडीतनं उतरून संगंच आत गेले, पाया पडले, संगंच बाहेर आले. कुठला बँड थांबला न्हाई, कुणाची वरात पडली न्हाई. अप्पा आन वीरभद्रप्पा येकमेकांकडं बघून घसा खाकरले. त्यांच्या हिशोबानं हे लई बोलणं झालं.

चाल संपली. पंचशीलानं क्लॅरनेट खाली घेतली, तसं तिचं तोंड पांढरं पडलं. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणली, "माफ करा अक्का. लग्नाआधी पाठवणी वाजवली. आता मला कोण बोलवंल?" बापाचा शब्द तिच्या डोळ्यापुढं व्हता, मला दिसत व्हतं. येक तरी लग्न नीट. ह्याला नीट कोण म्हणंल? मी म्हणलं, "गप बस." आन पदरानं तिच्या तोंडावरचा घाम पुसला.

मास्तर पार ओलांडून ह्या बाजूला आले. मागनं त्यांची सगळी माणसं. आता हिला चांगलंच धरणार म्हणून लोक वाट बघायले. मास्तर लेकीच्या समोर आले न्हाईत. तिच्या अंगावरनं मागं गेले आन रत्नपालच्या बाजूला, मागच्या लायनीत उभे राहिले. कॉलर नीट केली. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं लेकीला म्हणले, "मास्तर, आता कुठलं घ्यायचं?"

पंचशीलानं क्लॅरनेट उचलली आन सरळ वाजवायलाच सुरुवात केली, आन दोन्ही बँड तिच्या मागं चालायला लागले.