सुनीताच्या कणसांवरच्या खाकी पिशव्या

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी कित्येक वर्षं वाचत आलेय, पण जेवताना तोंडी लावायला म्हणून. कुणाला घाटात बाई दिसते, कुणाच्या मामाला विहिरीतून हाक येते, आणि खाली "सेम माझ्या काकांच्या बाबतीत" म्हणणाऱ्यांची रांग! मी मनात म्हणायची, यांना कुणीतरी पुरावा म्हणजे काय ते शिकवा रे. आज मीच लिहायला बसलेय. हसायचं तर हसा. मी तुमच्या जागी असते तर नक्की हसले असते.

मी रेहाना. माहेर इस्लामपूरचं, अब्बांचं भांड्यांचं दुकान. खाला ताईत घेऊन आली की बांधून घ्यायच्या आधी तो उसवून बघणारी मी मुलगी. माझा विषय वनस्पती पैदासशास्त्र — म्हणजे पिकाच्या दोन जातींचा संकर करायचा आणि त्यातून दोघींपेक्षा बरी तिसरी काढायची. पीएचडी झाली, पण नोकरी अजून कंत्राटी... तासगाव भागातल्या एका संशोधन केंद्रावर. केंद्राचं नाव देत नाही, कारण पुढच्या वर्षी मला तिथंच काम करायचंय.

सुनीता माझी ज्युनियर. तिची पीएचडी चालू होती. आम्हा दोघींत एकच केबिन, एकच टेबल, आणि चहाचे कप तेवढे दोन. विट्याच्या पुढं तिचं गाव. वडील लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त, त्यांना सगळेच आप्पा म्हणतात. सुनीता उंच, डावखुरी, आणि हसली की पलीकडच्या लॅबमध्ये ऐकू जायचं. माझ्या शुद्ध बोलण्याची तिला भारी गंमत वाटायची. "आलं बगा आमचं आकाशवाणी केंद्र," म्हणायची मला.

तिचा विषय शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी. तिच्या गावाकडं एक जुनी जात आहे — भाकरी गोड, पाण्याशिवाय तग धरणारी, पण खोडमाशी तिचा पार फडशा पाडते. आमच्याकडं दुसरी एक जात होती, जिला माशी तोंड लावत नाही, पण भाकरी अशी की कालवणाशिवाय घशाखाली उतरत नाही. या दोघींचा संकर करायचा एवढंच तिचं स्वप्न होतं. पहिल्या हंगामात ऐन फुलोऱ्यात अवकाळी बरसला. दुसऱ्या हंगामात कणसं भरत आली आणि रानडुकरं शिरली. हा शेवटचा हंगाम होता. फेलोशिप संपत आलेली, आणि स्थळं बघणाऱ्या नातेवाइकांना आप्पांनी तिच्यासाठी एवढाच हंगाम थोपवून धरलेला.

"या बारीला दाणा धरला न्हाई की मी गेले बग बोहल्यावर," ती हसत म्हणायची. "आन् मग तिकडं बसून जन्मभर दुसऱ्याच्या ज्वारीच्या भाकरी थापायच्या." हसत म्हणायची खरी, पण डोळे हसत नसायचे.

आता आमचं काम कसं चालतं ते सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. ज्वारीच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात. म्हणून संध्याकाळी आईच्या जातीचं कणीस घ्यायचं आणि बारीक चिमट्यानं एकेका फुलातले पुंकेसर काढून टाकायचे. मान मोडते, डोळ्यांना पाणी येतं. मग त्या कणसावर पांढरी कागदी पिशवी टाचायची. दुसऱ्या दिवशी ऊन वर आलं की बापाच्या जातीचा पराग पिशवीतून आणायचा, कणसावर झटकायचा, आणि पांढरी काढून खाकी पिशवी चढवायची. पांढरी म्हणजे काम बाकी, खाकी म्हणजे झालं. पराग पडला नाही तर त्या कणसात दाणा भरणार नाही, साधा हिशेब.

आणि आमच्या सरांचा एक कडक नियम — पराग हातात असताना बोलायचं नाही. बोलण्याच्या नादात भलत्याचा पराग भलत्या कणसावर पडला की अख्खं वर्ष वाया. त्यामुळे अशा वेळी कुणी हाक मारली तर आम्ही नुसता हात वर करायचो. हाक मारणाराही वाईट वाटून घ्यायचा नाही.

डिसेंबर होता. त्या संध्याकाळी सुनीताची शेवटची काही कणसं मीच तिच्याबरोबर बसून केली. प्लॉटमधल्या सगळ्या कणसांवर पांढऱ्या पिशव्या चढल्या, तेव्हा अंधारून येत होतं. तिच्या आईला बरं नव्हतं म्हणून ती स्कूटीवर गावी निघाली.

"सकाळी फुलं तुझ्यासाठी थांबणार नाहीत हं," मी म्हटलं.

"आगं, ऊन याच्या आत हितं हाय मी. तू चा टाकून ठेव."

सकाळी हलकं धुकं होतं. मी शेजारच्या करडईच्या प्लॉटमध्ये मजूर बायकांबरोबर होते. शेवंतामावशी खुरपं टेकवून म्हणाल्या, "सुनीताबाई आज लय लवकर आल्या की!" मी मान वर केली. होतीच ती. पाठमोरी, तिची निळी टोपी, तपकिरी ॲप्रन. डाव्या हातानं पिशवीवर टिचक्या मारत होती. कोरड्या कागदाचा तो टकटक आवाज मी आजही ओळखेन.

"सुनीता, आईला बरं आहे का गं?" मी ओरडले.

तिनं मागं न बघता हात वर केला. बस्स. पराग हातात होता ना! मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटलं की पोरगी वेळेवर आली. मी शेडमध्ये जाऊन चहा टाकला. शेडच्या दारातून तिचा प्लॉट सरळ दिसतो. ती एका कणसावरून दुसऱ्या कणसाकडं सरकत होती.

तेवढ्यात टेबलावरचा माझा फोन वाजला. स्क्रीनवर नाव... सुनीता.

मला हसूच आलं. समोर उभी राहून फोन करतेय बया! फोन उचलून मी म्हटलं, "काय गं, नियम मोडतेस?"

पलीकडून आप्पांचा आवाज आला. "रेहाना का? पोरी... आमची सुनी गेली गं."

काल संध्याकाळी, विट्याच्या अलीकडं, रस्त्यात उसाची एक ट्रॉली बंद पडून उभी होती. मागं ना दिवा, ना लाल कापड. अंधारात तिला दिसलीच नाही. सांगलीला दवाखान्यात नेलं होतं, पण पहाटे ती गेली. आप्पा तिच्याच फोनवरून एकेकाला कळवत होते.

मी दारातून बघितलं. प्लॉटमध्ये कुणी नव्हतं.

मी कशी धावले ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की मी पहिल्या कणसाजवळ पोचले. खाकी पिशवी. पुढचं कणीस, खाकी. एकूण एक कणसावर खाकी, आणि टाचण्या सगळ्या डाव्या बाजूनं खुपसलेल्या. काढलेल्या पांढऱ्या पिशव्या नीट घडी करून बांधावर दगडाखाली ठेवलेल्या, जशा ती नेहमी ठेवायची. मी तिथं मातीतच बसले आणि लहान पोरासारखी रडले. भीती नंतर वाटली. आधी फक्त रडू आलं.

सर भले माणूस आहेत, पण त्यांचा विश्वास फक्त खात्रीच्या गोष्टींवर. काही दिवसांनी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं.

"रेहाना, परागीकरण तू केलंस ना? मैत्रीण गेली, तिचं काम अर्धवट राहू नये म्हणून... मी समजू शकतो. तू तसं सांग, म्हणजे मला हे मटेरियल ठेवता येईल. पराग कुणी टाकला तेच ठाऊक नसेल, तर ती कणसं कापून जनावरांपुढं टाकावी लागतील."

एक 'हो' म्हटलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं. पण मग ते बी माझं झालं असतं. तीन हंगाम जिच्या मानेला रग लागली, तिचं नाव कुठंच राहिलं नसतं.

"मी नाही केलं, सर. मी करडईत होते, सगळ्या बायकांनी बघितलंय."

"मग कोणी?"

"मी तिला बघितलं. शेवंतामावशींनीही बघितलं."

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "दाणा तर धरू दे. मग बघू." यापेक्षा जास्त ते त्या विषयावर कधीच बोलले नाहीत.

दाणा धरला. टपोरा, मोत्यासारखा. तुम्ही म्हणाल, पुंकेसर काढताना काही राहून गेले असतील, कणसं आपोआप फळली असतील. मीही तेच म्हणत होते! म्हणून तर पुढच्या हंगामात ते बी पेरून बघायचं ठरलं. तिच्या गावच्या जातीचं खोड फिकट, आणि बाप जातीचं जांभळं. संकर खरा असेल तर सगळी रोपं जांभळी निघतात, आपोआप फळलं असेल तर फिकट. तोवर मी स्वतःला बजावत होते की फिकटच निघणार, आणि हा सगळा माझ्या डोक्याचा खेळ ठरणार.

सगळी रोपं जांभळी निघाली. एकूण एक. सरांनी पानं डीएनए तपासणीला पाठवली. आई तीच, बाप तोच, जो सुनीताला हवा होता.

आप्पांना कळल्यावर ते गावाहून मोटरसायकलवर आले. कडक इस्त्रीचा सदरा, ताठ पाठ. ओळीच्या कडेनं पार टोकापर्यंत चालत गेले, एकेका ताटाला हात लावत. माशीनं एकही पोंगा, म्हणजे मधला कोवळा शेंडा, धरला नव्हता. "पोरीनं केलंय न्हवं ह्ये?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. सर शेजारीच उभे होते. "बी झालं की थोडं मला द्या," आप्पा म्हणाले. "बांधाच्या कडंला तिच्या नावानं पेरीन म्हंतो."

त्या हंगामात मी त्या ओळीला जेवढं जपलं, तेवढं माझ्या स्वतःच्या पीएचडीच्या प्लॉटला जपलं नव्हतं. पाखरं हाकलली, डुकरांसाठी तारेचं कुंपण घालून घेतलं. ताटं माझ्या डोक्यावर गेली. कणसं आली, मोठी, भरगच्च दिसणारी. आणि मग फुलोऱ्यात मी पिशवी झटकली तर पराग पडेना. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं — नुसती रिकामी टरफलं. शेजारच्या चांगल्या झाडांचा पराग आणून टाकला, तरी दाणा धरेना. एकाच पिकाच्या दोन जातींच्या संकरात असं वांझपण यायचं काही कारण नाही. सरांनाही ते उलगडलं नाही. त्यांनी दोन-तीन ज्येष्ठ शास्त्रज्ञांना विचारलं, त्यांनाही कारण सापडलं नाही. पेरणीच्या वेळी सुनीताच्या कणसांतलं थोडं बी मी राखून ठेवलं होतं, तेही ओल्या कागदावर घालून बघितलं. एकालाही मोड आला नाही.

आप्पांना फोनवर सांगायचा मला धीर झाला नाही. काढणीच्या दिवशी ते आले, हातात धुतलेलं पांढरं फडकं, बी बांधून न्यायला. मी काहीतरी तांत्रिक बोलायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं, मग एक कणीस तोडलं, शेतकरी बघतात तसं तळहातावर चोळलं आणि फुंकर मारली. भुसा उडाला. तळहातावर काहीच उरलं नाही.

ते त्या हाताकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तिचंबी असंच झालं बग. सगळं आलं, आन् दाण्यापातूर काय पोचलं न्हाई."

मला रडू आवरेना. त्यांनीच फडक्याची घडी करून खिशात घातली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. थोड्या वेळानं खालच्या आवाजात म्हणाले, "शेवंताबाईनं सांगितलं मला. पोरी, तू बगितलीस न्हवं तिला? त्या सकाळी?"

"हो आप्पा. बघितली."

"हितं आली हुती."

"हो."

सुभेदार माणूस, मुलीच्या मातीलाही लोकांसमोर डोळे पुसले नव्हते त्यांनी. आता त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले.

"तिची आय आजूनबी पाटंचं उटून दार उगडून बसती," ते म्हणाले. "हितवर आली, मग घराकडं का न्हाई आली गं?"

ते बी कसं धरलं, आणि धरलं तर पुढं वांझ का निघालं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण त्याचं मला एवढं वाटत नाही. मला राहून राहून आठवते ती पहाटे दार उघडून बसणारी सुनीताची आई.