मान्नाचा दुसरा दाणा

गुनवोरच्या स्वयंपाकघरात खिडकीशी एक पत्र्याची डबी असायची. आत बोटाच्या पेराएवढ्या कागदी सुरळ्या दाटीवाटीनं उभ्या, प्रत्येकीवर ख्रिस्ती शास्त्रातलं एकेक वचन. आमच्या बेटावर त्यांना मान्नाचे दाणे म्हणतात. सकाळी कॉफी ओतायची, डोळे मिटून एक सुरळी ओढायची आणि तिच्या आधारानं दिवस काढायचा. पण एकच. वाळवंटात देवानं आकाशातून पाडलेलं अन्न, तो मान्ना, ज्यांनी वाट्यापलीकडे साठवून ठेवला, त्यांच्या भांड्यात किडे पडले, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक.

डबी घरोघरी होती, पण गुनवोरची डबी म्हणजे बेटाचं न्यायालय. गाय विकावी की ठेवावी, पोरगी पलीकडच्या किनाऱ्यावरच्या सुताराला द्यावी का, लोक विचारायला यायचे. एकदा प्रार्थनाघराच्या प्रमुखालाच निघालं की आळशानं मुंगीकडे पाहून शिकावं. पुढं बरेच दिवस दुकानदार एलिआस त्याला साखर बांधून देताना मुंग्यांची खुशाली विचारायचा. गुनवोर मात्र डबीवरून कधी हसली नाही. नवरा समुद्रानं नेला त्या हिवाळ्यात तिला याच सुरळ्यांनी उभं धरलं होतं.

मग एका शरदात एलिआसच्या दुकानातला फोन वाजला. बर्गनच्या एका इस्पितळातून निरोप होता. गुनवोरचा धाकटा भाऊ तोर्केल आता फार दिवसांचा सोबती नव्हता. त्याला बहिणीच्या घरी यायचं होतं. शनिवारच्या बोटीआधी हो किंवा नाही कळवा.

या तोर्केलनं बापामागं बापाची मासेमारीची बोट परस्पर विकली, एकॉर्डियन घेतलं, नाचाच्या जलशांत वाजवत हिंडला, आणि एका बाईबरोबर लग्नावाचून संसार केला. प्रार्थनाघरातल्या बायकांना एवढं भांडवल दोन हिवाळे पुरलं. गुनवोरला सगळ्यात खोल लागली होती ती बोट. पण चारचौघांत नाव घ्यायची ते एकॉर्डियनचं. पापाचं नाव सांगितलं की राग धार्मिक दिसतो.

दुसऱ्या सकाळी तिनं सुरळी ओढली. यशया संदेष्ट्याचं वचन निघालं: बेघराला घरात घे, आपल्या रक्तामांसाकडं पाठ फिरवू नकोस. तिनं ती पुन्हा गुंडाळून डबीत सारली. कॉफी ओतायची राहिली होती, तेव्हा ही धरायची नाही, असं स्वतःला सांगितलं. कॉफी ओतली. दुसरी सुरळी चिमण्यांबद्दल होती. तिचा उपयोग नव्हता. तिसरी म्हणाली, त्यांच्यातून बाहेर निघा, अशुद्धाला शिवू नका.

गुनवोर दुकानात जाऊन एलिआसला सांगून आली, वचन नाही म्हणतंय.

दुपारी शेजारची मालेना बटाट्याच्या पातळ पोळ्या घेऊन आली. बसली, कॉफीत साखर बुडवली आणि शांतपणे विचारलं, "कितवी सुरळी होती गं?"

"म्हणजे?"

"माझी खिडकी तुझ्या खिडकीसमोर आहे. कोपर तीनदा हललं."

गुनवोर म्हणाली, उद्यापासून पडदा लावीन. मालेना म्हणाली, जरूर लाव, म्हणजे काय लपवतेस ते बघायला अख्खं बेट येईल. मग तिचा आवाज उतरला. "मी कोण तुला वचन शिकवणार? पण चिमटी-चिमटीनं भाकरी खाऊन पोट भरत नाही, बाई. एकदा वचनाचं अख्खं पान वाच."

ती गेल्यावर गुनवोरनं बापाचं जाडजूड शास्त्र फळीवरून उतरवलं. मुद्दाम तिसऱ्या सुरळीचं पान काढलं, आपली बाजू भक्कम करायला. त्याच पानावर, त्या वचनाच्या थोडं वर, ते वचन लिहिणारा प्रेषितच विनवत होता: आमचं अंतःकरण तुमच्यासाठी मोठं झालंय, तुम्हीही तुमचं मोठं करा. हे सुरळीवर मावलं नव्हतं.

मग यशयाचं पान. तिथं देव अशा लोकांविषयी बोलत होता, जे रोज नेमानं त्याला शोधतात, त्याचे मार्ग जाणायची हौस धरतात, आणि उपास करताकरता भांडतात. रोज नेमानं. गुनवोरनं डबीकडं पाहिलं आणि मान खाली घातली. देवाला विचारायच्या नावाखाली आपण त्याच्याकडून हवं ते वदवून घेतलं होतं.

ती डोक्याला रुमाल न बांधताच दुकानात गेली. तिचा चेहरा पाहून एलिआस काउंटरवरची धूळ झटकायला लागला. म्हणाला, तुमचा नकार अजून कळवला नाही, लाइन खराब होती. लाइन ठणठणीत होती, हे तिलाही कळलं. अशा खोट्याला शास्त्रात काय शिक्षा आहे, हे तिनं त्या दिवशी शोधलं नाही.

शनिवारी तोर्केलला खुर्चीसकट बोटीवरून उतरवलं. मागून एकॉर्डियनची पेटी आली. धक्क्यावर जमलेल्या बायका पेटीकडं पाहत राहिल्या. गुनवोर मात्र त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मी आधी नाही म्हटलं होतं," ती म्हणाली. "वर वचनाचं नाव पुढं केलं."

तोर्केलला दम लागला होता. "बोटीसाठी ना, ताई?"

"बोटीसाठी," गुनवोर म्हणाली. सगळ्यांदेखत.

त्यानं नुसता हात पुढं केला. तिनं तो दोन्ही हातांत धरला आणि घरापर्यंत खुर्चीच्या बाजूनं चालत गेली.

नाताळच्या आधी तो गेला. तोवर रोज सकाळी सुरळी तो ओढायचा, एकच. आणि तिच्या मागचं-पुढचं सगळं पान गुनवोर मोठ्यानं वाचायची. समोरच्या खिडकीतून मालेनाला दोघं दिसायची. पडदा शेवटपर्यंत लागला नाही.