बिंदूमाशीचे जोते

मुलचेऱ्याजवळच्या बंगाली वसाहतीत मी शिक्षक म्हणून गेलो, तेव्हा शेजारच्या मातीच्या घराचे जोते माझ्या छातीला लागत होते. बाकी सगळे गाव जमिनीवर होते. वर बिंदूमाशी मुरमुरे खात बसली होती; बंगालीत मावशीला माशी म्हणतात.

"इथे पूर येतो का?" मी विचारले.

"नाई."

"मग एवढे उंच कशाला?"

"समुद्राले अजून इथला पत्ता गावला नाई, मास्तर."

तिचे मूळ गाव पूर्व बंगालच्या खाडीकाठी होते. नदीने गाळ आणून टाकला, लोकांनी त्याला बांध घातला, भात लावला आणि त्यालाच गाव म्हणू लागले. गावातून समुद्र दिसत नसे. भरती मात्र दारापर्यंत येई. "एका साली शेत वाढे, एका साली कमी होये. मोजणारा थकून गेला," माशी सांगायची. एका वादळात बांध फुटला. वडिलांनी तिला छपरावर चढवले, धाकटी बहीण तिच्या हाती दिली. "हात ओला होता," एवढेच ती सांगे आणि मुरमुरे पुढे करी.

उरलेले कुटुंब निर्वासित होऊन या जंगलात आले. लग्नानंतर माशी दर उन्हाळ्यात जोत्यावर मातीचा एक थर चढवत गेली.

पुढे तिच्या मुलाला, निताईला, घरकुल मंजूर झाले. जुने घर पाडायचे होते. माशी जोत्यावरून हलेना.

"आजी, इथे पाणी येत नाही," अभियंता म्हणाला.

"आमच्या तिकडच्या गावचा सरपंच बी हेच सांगे."

"मग?"

"मग त्याले वापस सांगाले वेळ नाई भेटला."

अभियंत्याने गाडीला किक मारली.

त्या पावसाळ्यात निताईची गरोदर बायको घागर घेऊन चढताना जोत्याच्या पायरीवरून घसरली. माशीने तिचे मनगट पकडले. घागर फुटली, सून लोंबकळली, पण पडली नाही. माशीने किती तरी वेळ ते मनगट सोडले नाही.

सकाळी ती स्वतःच कुदळ घेऊन जोते फोडत होती. मी कुंपणापाशी गेलो.

"माशी, निताईला करू द्या."

"माती मी घातली. मीच काढीन."

नव्या घरात माशी फार दिवस जगली नाही, पण नातीला रांगताना तिने पाहिले. एकदा पोर उंबरठा ओलांडून अंगणात निघाली. मी धावलो. माशी जागची हलली नाही.

"जाऊ द्या तिले, मास्तर," ती म्हणाली. "पुढे जमीनच आहे."