मालनने सोडलेली मासळी

घाटकोपरात येऊन वीसेक वर्षं झाली, तरी मासळीच्या बाबतीत मालन मालवणकडचीच राहिली. भटवाडीच्या उतारावरची आपली खोली सोडून ती सकाळी बाजारात उतरायची, कोळणीपुढे उकिडवी बसायची, बांगड्याचा कल्ला उचलून बघायची आणि "हो कालचो आसा" असं तिच्या तोंडावर सांगायची. कोळीण शिव्या घालायची आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासाठीच चार ताजे बांगडे बाजूला ठेवायची. घरात मालन सगळ्यांच्या मागून जेवायची. मधली तुकडी नवऱ्याच्या, धाकूच्या पानात, शेपटीकडची लेकीच्या, नीलाच्या पानात, आणि डोकं तिचं. पण ते डोकं ती असं काही चोखून खायची, की मधली तुकडी घेऊन आपणच फसलो असं धाकूला वाटायचं. तिला जेवताना बघणं हे त्याचं एक सुख होतं. कधी बोलून दाखवलं नाही, ते सोडा.

ब्याऐंशी साली गिरण्यांचा संप झाला. धाकू गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, काम करायचा. संप लांबला, मग त्याला संप म्हणावं असंही काही उरलं नाही, नुसतं घरी बसणं उरलं. धाकूची झोप उडाली. छाती धडधडायची, हाताला कंप सुटायचा. भिंतीकडे तोंड करून बसायचा आणि नीलाने पाणी हवं का विचारलं तरी अंगावर जायचा. एका दुपारी तो स्टेशनात जाऊन रुळांकडे बघत उभा राहिला. शेजाऱ्याने दंडाला धरून घरी आणला. त्या दिवसापासून मालनचं काळीज थाऱ्यावर राहिलं नाही.

नाक्यावरचा डॉक्टर म्हणाला, काळजीने मज्जातंतू कमजोर झालेत, मेंदूला खुराक पाहिजे. मालनने तेवढं एक वाक्य पदरात बांधलं. मग काय विचारता. जीवनसत्त्वांच्या लाल-पिवळ्या कॅप्सूल आल्या, माशाच्या तेलाच्या गोळ्या आल्या, शेजारणीने सांगितलं म्हणून ब्राह्मीचं तेल आलं, डोक्याचं गोड टॉनिक आलं. सकाळी भिजवून सोललेले बदाम, वर उकडलेलं अंडं आणि पेलाभर दूध. धाकू हे सगळं गिळेपर्यंत ती समोर उभी राहायची. दूध त्याच्या पेल्यात, उरलं तर नीलाच्या चहात. मालन काळा चहा प्यायची आणि आपल्याला तोच आवडतो म्हणून सांगायची.

पण नुसत्या औषधाच्या भरवशावर राहणारी बाई नव्हती ती. एका सकाळी चुलीपुढे नारळ ठेवून, गावाकडे तोंड करून तिने ग्रामदेवाला गाऱ्हाणं घातलं. "देवा रवळनाथा, ह्येंचा डोक्या थाऱ्यार येव दे, ह्येंका आयुष्य दी. मी जल्मभर मासळी खावचंय नाय." मासळी सोडली म्हणजे मटण-अंडं सुटलंच. धाकू शेजारच्या खाटेवर पडून ऐकत होता. त्याने तिला अडवलं नाही. अडवण्याइतकं भान तरी त्याला कुठे होतं?

पुढे त्याला विक्रोळीच्या एका कारखान्यात वॉचमनची नोकरी लागली. अंगावर खाकी कपडे चढले, हजेरी लागायला लागली आणि झोप आपोआप परत आली. मालनने मात्र या गुणाचे दोन वाटे केले, अर्धा देवाला आणि अर्धा कॅप्सूलींना, आणि दोन्ही चालू ठेवलं. धाकूला तर त्या गोळ्यांचा वीट आला होता. दिवसभर माशाच्या तेलाचे ढेकर यायचे. तो गोळ्या, कॅप्सूली सगळंच गालात धरायचा आणि मोरीवर चूळ भरताना थुंकून टाकायचा. तिला वाईट वाटेल म्हणून बोलला नाही. घरात मासळी पूर्वीसारखीच शिजायची. मालन वासावरून मीठ घालायची, वाढायची आणि स्वतः डाळभात खायची. पहिल्या पहिल्यांदा धाकूच्या घशाखाली घास उतरायचा नाही. मग उतरायला लागला. दुसऱ्याच्या उपासाला माणूस फार लवकर सरावतो.

तीन वर्षांनी मालनच्या पायांना मुंग्या यायला लागल्या. जीभ लालबुंद झाली, तिखट लागलं की डोळ्यांत पाणी. उतारावरून चालताना तोल जायचा. मग विसरायला लागली. आमटीत दोनदा मीठ, पेटता स्टोव्ह तसाच. एकदा बाजारात गेली आणि घरचा रस्ता न सापडून कोळणीजवळ तशीच बसून राहिली. कुणी म्हणालं बाहेरचं झालंय, कुणी म्हणालं संपात फार सोसलं, त्याचं हे. आता धाकूची पाळी होती. त्याने तिच्यासाठी तेच गोड टॉनिक आणलं, बदाम आणले, टाळूवर ब्राह्मी थापली. कॅप्सूली दिल्या, तर माशाच्या तेलाच्या गोळ्या त्याच डब्यात होत्या म्हणून तिने डब्यालाही हात लावला नाही. गुण कशाचाच आला नाही.

शेवटी नीला तिला घेऊन म्युनिसिपालटीच्या इस्पितळात गेली. धाकूही रजा टाकून गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, तळपायावर टाचणी टोचून बघितली, मग विचारलं, "खाता काय तुम्ही?" मालनने सांगितलं. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"हिच्या मेंदूला आणि नसांना एक जीवनसत्त्व मिळत नाहीये," त्या धाकूला म्हणाल्या. "बी बारा. ते मासे, मटण, अंडी, दूध यांतच असतं. घरी कधी कसल्या गोळ्या आणल्या होत्या का?"

धाकूने आपल्या लाल-पिवळ्या कॅप्सूलींचं नाव सांगितलं.

"त्यांत होतं की ते. तेव्हाच घेतल्या असत्या तर कदाचित हे इथवर आलं नसतं. आता पोटातून भागायचं नाही, इंजेक्शनंच द्यायला हवीत. नेमाने घेतलीत तर पुष्कळ सुधारेल. नाहीतर राहिलेलंही जाईल."

धाकूच्या डोळ्यांपुढे मोरी आली. दोन वर्षं रोज सकाळी तो आपल्या बायकोची बुद्धी तिथे थुंकून टाकत होता.

इंजेक्शनाचं लाल औषध सुईत भरताना सिस्टर मालनला धीर द्यायला म्हणाली, "घाबरू नका मावशी. कोकणातल्या ना तुम्ही? माशात असतं तेच यात आहे." चांगल्या मनाने बोलली बिचारी. मालनने हात पदराखाली घेतला, तो काढलाच नाही. डॉक्टरीणबाई रागावल्या, नीला रडली, पण व्यर्थ. "माझो नवस आसा," एवढंच ती म्हणत राहिली. "देवान सोडवल्याबिगर नाय."

म्हणून धाकू गावी गेला. नवस देवाचा, तर मोकळीकही देवानेच द्यायला हवी. देवळात चार मानकरी बसले, गुरवाने गाऱ्हाणं घातलं आणि कौल घ्यायला ओल्या कळ्या देवाच्या अंगाला दोन्हीकडून चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. धाकू हात जोडून उभा. दाराशी त्याची थोरली वहिनी रुक्मिणी उभी होती. कळी डावी पडली. गुरव म्हणाला, "देवाची मर्जी नाय. शिमगो झाल्यार परत इचारूक ये."

शिमगा लांब होता. मालनजवळ तेवढा वेळ नव्हता. धाकू एसटीत बसला आणि घाटकोपरला पोचेपर्यंत त्याने मन घट्ट केलं. मालन उंबऱ्यातच बसली होती. "देवान उजवो कौल दिल्यान," तो म्हणाला. "सुटलंस गो तू."

तिने गावाकडे तोंड करून हात जोडले आणि दुसऱ्या दिवशी मुकाट दंड पुढे केला.

पुढचे काही महिने त्या खोलीत सणासारखे गेले. जिभेची आग शमली. भिंत धरून का होईना, मालन नळापर्यंत जायला लागली. संपाच्या आधी कुणी नेलेलं पातेलं अजून परत दिलेलं नाही, हेही तिला आठवलं आणि तिने ते मागून आणलं. तिने परत बांगडा खाल्ला त्या दिवशी धाकूने मुद्दाम मधली तुकडी तिला वाढली. ती हसली. तिला हसताना बघून धाकूला आनंद झाला आणि भीतीही वाटली. देवाच्या नावाने तो खोटं बोलला होता. विक्रोळीच्या गेटवर उभं असताना छातीत जरा चमक आली, की त्याला वाटायचं, आलं बोलावणं.

मार्गशीर्षात नात्यातल्या एका लग्नासाठी रुक्मिणी मुंबईला आली. धाकट्या जावेच्या पानात मासळी बघून तिचा हात तोंडाशीच थांबला. तिच्या मनात काळंबेरं नव्हतं. ती घाबरली होती.

"मालन, गो बाय, ह्या काय खातंस? डावो कौल पडलो ना! मी थयच होतंय."

मालनने हातातला घास पानात ठेवला आणि धाकूकडे बघितलं. "खरा ह्या?"

धाकू खाली मान घालून बसला. तेवढ्यावरून तिला कळायचं ते कळलं.

"तुमका काय झाला असता तर?"

"माका जाव दे काय व्हयता ता," धाकू म्हणाला. "तुझी मती गेली तर मी काय करू?"

"तुमी माका सांभाळशात. मी खुळी झालंय तरी चलात. माझा कुकू रवाक व्हया." तिने पानात पाणी सोडलं आणि उठली.

ती रागावली असती तर धाकूला बरं वाटलं असतं. ती रागावली नाही. जे काही करत होती ते डोकं पूर्ण ताळ्यावर असताना करत होती, आणि तेच त्याला सोसवेना. त्याच्या औषधाने तिची बुद्धी परत आणली होती, आणि त्या बुद्धीने तिने पहिलं काम केलं ते हे. इंजेक्शनं थांबली. धाकूने कॅप्सूलीचा चुरा करून तिच्या भातात कालवून बघितला, त्याने काही झालं नाही. नीलाने पाय धरले, तेव्हा मालनने तिलाच जवळ घेऊन समजावलं.

शिमग्याला धाकू परत गावी गेला. पुन्हा डावी. परत आल्यावर तो खोटं बोलणारच होता, पण मालन त्याच्या तोंडाकडे बघत राहिली आणि त्याच्याच्याने बोलवेना. त्या वर्षभरात मालनची चाल गेली. मग दिवस-वार गेले. मग नीला शाळेत आहे की कामाला लागली, हे गेलं.

पुढल्या शिमग्याला कळी उजवी पडली. गुरवाचं गाऱ्हाणं पुरतं संपलंही नव्हतं. धाकू देवापुढे लहान मुलासारखा रडला. घरी आल्या आल्या मालनजवळ बसून त्याने तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं. तिला पटलं. तिने हात जोडले. संध्याकाळी दवाखान्यात नेली तर तिने दंड पुढे केला. इंजेक्शनं सुरू झाली आणि नेमाने झाली; माशातलंच त्यात असतं, हे ती आता विसरून गेली होती. तोंडावर रंग आला, जीभ बरी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नसा फार दिवस उपाशी राहिल्या, आता गेलेलं परत यायचं नाही. धाकूने मान डोलावली.

आता तोच मासळी शिजवायला शिकला होता. पान तिच्यापुढे ठेवलं की ती दूर सारायची. "मी मासळी सोडलंय."

"देवान सोडवल्यान गो तुका. उजवो कौल दिल्यान."

"होय? बरा झाला." ती हात जोडायची, आणि घास जवळ नेला की पुन्हा म्हणायची, "मी मासळी सोडलंय." नवस जुना होता, तो डोक्यात पक्का बसला होता. मोकळीक नवी होती, ती संध्याकाळपर्यंतही टिकायची नाही. धाकू रोज सांगायचा. रोज ती नव्याने सुटायची आणि जेवायच्या वेळी पुन्हा अडकायची.

एका दुपारी न राहवून त्याने विचारलं, "कोणासाठी सोडलंस गो मासळी?"

मालनने त्याच्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं, घरी आलेल्या परक्या माणसाकडे बघावं तसं, नीट, मर्यादेने. आठवायचा तिने फार प्रयत्न केला. कपाळावर घाम आला.

"ता आठवना नाय," ती म्हणाली. "पण त्येका बरा वाटाक व्हया."

धाकूने पान बाजूला ठेवलं आणि तिला डाळभात कालवून दिला.