आत्याबाईंनी तपासलेली शेवटची शाळा

पृथ्वीच्या पाठीवर अशी एकही शाळा नसेल, जी माझ्या बायकोच्या आत्याला अचानक फाटकात उभी पाहून सुतासारखी सरळ होणार नाही. हे मी जिल्हा परिषदेच्या शाळांपुरतं म्हणत नाही. समुद्रापलीकडच्या शाळाही त्यात धरतो, कारण त्यांची काय गत झाली ते मी माझ्याच जेवणाच्या टेबलावर, माझ्याच लॅपटॉपवर पाहिलं आहे. आत्याबाई तीस वर्षं शिक्षण विस्तार अधिकारी होत्या. म्हणजे काटोल आणि नरखेड तालुक्यांतल्या खेड्यांत एसटीनं, आणि एसटी जात नसेल तिथे कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे एका बाजूला पाय सोडून, शाळा तपासत हिंडायच्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर नागपुरात आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर फ्लॅट घेतला आणि तपासायला शाळा उरल्या नाहीत म्हणून आम्हाला तपासू लागल्या. अशा या बाईंनी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी चिनी भाषा शिकायला परदेशी जायचं ठरवलं. ज्यांना हसू येत असेल त्यांनी इथेच हसून घ्यावं. मीही हसलो होतो, आणि त्याची शिक्षा म्हणून तीन महिने त्यांचा कारकून झालो.

तपासणीचं त्यांचं स्वतःचं एक शास्त्र होतं. कळवून गेलं की शाळा दिसत नाही, शाळेनं नेसलेलं लुगडं तेवढं दिसतं, असं त्या म्हणत. फिनाइलचा वास आला की समजायचं, आपली खबर आपल्याआधी पोचली. मग मुख्याध्यापकांच्या खोलीत चहाला न बसता त्या थेट संडासाकडे जात, आणि संडासाला कुलूप असेल तर किल्ली कुणाच्या खिशात आहे ते विचारत. वर्गात शिरल्या की शेवटच्या बाकावर बसत. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलांना त्यांनी उभ्या जन्मात एक प्रश्न विचारला नाही. "हुशार पोट्टं शाळेशिवायही हुशारच असते," हे त्यांचं ठाम मत. "शाळा कशी आहे ते ढ पोट्टं सांगते." एकदा सकाळी एका गावच्या शाळेत समोरचे दोन दात पडलेल्या मुलीनं त्यांना कविता म्हणून दाखवली, आणि दुपारी पाच कोसांवरच्या दुसऱ्या शाळेत त्याच मुलीनं तीच कविता पुन्हा म्हटली. पट भरलेला दिसावा म्हणून तिला उसनी आणली होती. आत्याबाईंनी दोन्ही शाळांच्या शेरेबहीत त्या मुलीच्या पाठांतराचं कौतुक लिहिलं आणि खाली दोन्ही मुख्याध्यापकांना एकाच दिवशी, एकाच वेळी कचेरीत हजर राहायला सांगितलं.

ही सवय त्यांच्या हाडीमाशी खिळलेली. आमच्याकडे आल्या की दिवाणखान्यातल्या नव्या सोफ्याकडे ढुंकून न बघता गॅसच्या मागची भिंत पाहणार. इतवारीच्या बाजारात त्यांच्याबरोबर कुकर घ्यायला जाण्याची पाळी माझ्यावर आली होती. दुकानदारानं सात कंपन्यांचे कुकर मांडले. आत्याबाईंनी एकालाही हात लावला नाही. म्हणाल्या, "परत आलेले दाखवा." दुकानदार म्हणाला, आमच्याकडून माल परत येत नाही. "मग तुमचं दुकान तरी नवीन आहे, नाही तर तुम्ही खोटं बोलून राहिले," असं सांगून त्या खुर्ची ओढून बसल्या. अखेर त्याच्या नोकरानं पोटमाळ्यावरून शिट्टी न होणारे तीन कुकर खाली आणले, आत्याबाईंनी तिघांची चौकशी केली, आणि ज्या कंपनीचा एकही कुकर त्यांत नव्हता तिचा घेतला. तो अजून चालतो, हे मला नाइलाजानं लिहावं लागतं.

चिनीच काहून, असं त्यांना सगळ्यांनी विचारून झालं. एकसष्टीच्या जेवणात त्यांनी ही बातमी फोडली तेव्हा पंगतीतल्या एका दूरच्या काकांनी तर, "त्यापेक्षा संस्कृत शीक वं, परलोकी कामी येईन," असा सल्ला दिला. आत्याबाई म्हणाल्या, परलोकात जाईन तेव्हा तिथली चौकशी करीन. मला मात्र त्यांनी खरं कारण एकदा सांगितलं, तेही मी न विचारता, भाजी निवडता निवडता. "मी उभ्या जन्मात जो प्रश्न विचारला, जवाईबुवा, त्याचं उत्तर मले आधीच माहीत राहे. आता मले अशा वर्गात बसायचं आहे जिथं मले एक अक्षर येत नाही, आणि कोणी मले मॅडम म्हणत नाही." भाषा घरबसल्या मोबाईलवरही शिकता येते, असं मी सुचवलं. त्यांनी माझ्याकडे कॉपी करताना सापडलेल्या पोराकडे पाहावं तसं पाहिलं.

मग शाळांचा शोध सुरू झाला. चीन-तैवानकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, त्यामुळे शाळा भरायच्या वेळेला, म्हणजे आमच्या साडेसहाला, आत्याबाई इस्त्रीची साडी नेसून, डायरी घेऊन माझ्या दारात हजर. मी तोंडावर पाणी मारून लॅपटॉप उघडायचा. पहिल्या शाळेच्या संकेतस्थळावर इमारतीचे, तळ्याचे, हसणाऱ्या गोऱ्या मुलामुलींचे फोटोच फोटो होते. "फळा कुठं आहे?" आत्याबाईंनी विचारलं. फळा नव्हता. शाळा बाद. दुसऱ्या शाळेत प्रवेशाचं काम बघणारा एक तरतरीत तरुण व्हिडिओवर आला. त्यानं वसतिगृह, सहली, सणवार यांची माहिती अस्खलित इंग्रजीत द्यायला घेतली. आत्याबाईंचं इंग्रजी सरकारी पत्रव्यवहारातलं. त्यांनी त्याला मध्येच थांबवलं आणि म्हणाल्या, "काइंडली शो टॉयलेट." त्या बिचाऱ्यानं फोन घेऊन दोन मजले उतरून संडास दाखवला. तो लखलखीत होता. आत्याबाई खूश झाल्या आणि त्याच झटक्यात म्हणाल्या, "नाऊ शो वीक स्टूडंट." आमच्या शाळेत वीक स्टूडंट नाहीत, असं तो अभिमानानं म्हणाला आणि स्वतःच्या हातानं खड्ड्यात पडला. डायरीत शेरा पडला: 'खोटे बोलतात. संडास उत्तम.'

दोन शाळांनी विद्यार्थ्याचं वय विचारून नंतर उत्तरच दिलं नाही. एकीनं कळवलं, की आजींसाठी आमच्याकडे चहापान, सुलेखन आणि स्वयंपाक असा आठ दिवसांचा हलकाफुलका वर्ग आहे. मी ते पत्र मराठीत वाचून दाखवत असताना आत्याबाईंचा चेहरा असा काही झाला, की शेवटची दोन वाक्यं मी गिळली. त्या दिवसापासून मी त्यांच्या बाजूचा झालो. तोवर मला वाटत होतं, थकतील आणि सोडून देतील. आता मला वाटू लागलं, ही बाई जाणार, आणि नाही गेली तर मी कुणाला तरी मारीन.

आठवी शाळा तैवानच्या दक्षिणेकडची. लहानशी, संकेतस्थळ गचाळ, फोटोतला फळा अर्धवट पुसलेला. त्यांनी एक वर्ग बसून पाहायची परवानगी दिली आणि गुरुवारची लिंक पाठवली. आत्याबाई मंगळवारीच आल्या. "गुरुवारी झाडून ठेवतील," म्हणाल्या, "आज उघडा." मी म्हटलं, आज उघडणार नाही. ती उघडली. समोर सात-आठ चेहऱ्यांचे चौकोन, आणि मधल्या चौकोनात सर्दीनं नाक लाल झालेल्या, पन्नाशीच्या एक शिक्षिका. त्या चपापल्या. आत्याबाईंनी "सरप्राइज व्हिजिट" एवढाच खुलासा केला. शिक्षिकेनं क्षणभर विचार केला, रुमालानं नाक पुसलं आणि हातानं, बसा, अशी खूण करून त्या शिकवायला लागल्या. त्यांनी एका जाड भिंगाच्या चष्म्याच्या मुलाला काहीतरी विचारलं. त्याला येईना. आत्याबाई पुढे सरकल्या आणि माझा हात घट्ट धरला. नंतर त्यांनी सांगितलं, की हजारो वर्गांत त्यांनी हा क्षण पाहिला होता, आणि बहुतेक ठिकाणी साहेबांच्या पाठीमागून गुरुजींचे ओठ हलत, मुलाला उत्तर पुरवत. या बाईंचे ओठ हलले नाहीत. त्या रागावल्या नाहीत, दुसऱ्याकडे वळल्या नाहीत, घड्याळाकडेही पाहिलं नाही. नुसत्या थांबल्या. मला तर वाटलं, नेट गेलं. बऱ्याच वेळानं तो मुलगा काहीतरी बोलला, ते बहुधा चूकच होतं, आणि बाईंनी मान डोलावून त्याला पुन्हा तोच प्रश्न विचारला. वर्ग संपल्यावर शिक्षिकेनं आत्याबाईंना चार शब्द म्हणायला लावले, लक्ष देऊन ऐकले आणि स्वच्छ सांगितलं, की तुम्हाला हे फार जड जाईल, वर्गात तुम्ही सगळ्यांत मागे राहाल. आत्याबाईंनी डायरी मिटली. "हीच शाळा," त्या म्हणाल्या. शेरा लिहिलाच नाही.

अडचण निघाली ती प्रवेशाच्या कागदांत. जवळच्या नातेवाइकाची सही हवी होती. दुखलंखुपलं तर कळवायला, बाकी काही नाही. तीस वर्षं दुसऱ्यांच्या कागदांवर सह्या केलेल्या बाईला आता पालकाची सही आणायची होती. मी करतो म्हटलं तर म्हणाल्या, "तुम्ही माझ्या भाचीचे नवरे. जवळचा म्हणजे रक्ताचा, अन वयानं मोठा." तसं माणूस एकच, त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे सासरे, आमचे मामाजी. ते नरखेड तालुक्यात संत्र्याचा बगीचा राखून असतात आणि एरवी देवमाणूस आहेत. त्यांनी सही करायला फोनवरच नकार दिला होता. या वयात बहीण परदेशात एकटी राहिली तर लोक काय म्हणतील, हे त्यांना रात्रंदिवस खात होतं.

आम्ही गेलो तेव्हा संत्र्यांची तोड चालू होती. विहिरीजवळच्या झाडाखाली फळांचे ढीग, मामाजी बाजेवर. कागद समोर ठेवताच ते म्हणाले, "बेबी, हे काय काढलं वं? तुले पाहिजे तर चारधाम करून ये. मी येतो संगं." अख्ख्या तालुक्यातल्या गुरुजींना घाम फोडणाऱ्या आत्याबाई घरात बेबीच होत्या.

"चारधामले वर्ग नसते गा दादा."

"अन तिथं जाऊन नापास झाली तर? लोक हसतीन ना. आजपावेतो तुहा पहिला नंबर हुकला नाही."

आत्याबाईंनी समोरचा कागद सरळ केला. मग ज्या आवाजात त्या शेरे वाचून दाखवत असाव्यात त्या आवाजात म्हणाल्या, "काहून हुकला नाही, हे तुले माहीत आहे. आबानं सांगितलं होतं, पहिला नंबर आला तर पुढच्या वर्गात बसवीन, दुसरा आला तर लग्न लावून देईन. मी पहिलीपासून नोकरी लागेपावेतो दर निकालाले तापानं फणफणत होती. तू मॅट्रिकले दोनदा नापास झाला दादा. तुले कोणी शाळेतून काढलं नाही. आता मलेही एकदा आरामात नापास होऊ दे."

तोडणाऱ्या बायांचे हात थांबले होते. मामाजींनी खिशातून चष्मा काढला, तो धोतराच्या सोग्याला पुसला, परत पुसला. मग माझ्याकडे हात पुढे करून म्हणाले, "पेन द्या जवाईबुवा." सही त्यांनी चुकीच्या रकान्यात केली. आत्याबाईंनी ती चूक दाखवली नाही, आणि त्या चूक दाखवत नाहीत असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

आता त्यांना जाऊन चार महिने झाले. आमच्या गॅसमागची भिंत वाटेल तशी तेलकट झाली आहे आणि ती पाहायला कुणी येत नाही. त्या दर रविवारी व्हिडिओवर फोन करतात. जाड भिंगाचा चष्मेवाला त्यांच्या पुढच्या वर्गात आहे, सर्दीच्या बाईंची सर्दी कायमची आहे, आणि आत्याबाई सगळ्यांत मागे आहेत. गेल्या रविवारी मामाजी गावाहून संत्र्याची पिशवी घेऊन आले होते, तेव्हाच फोन आला. पहिल्या सत्राचा निकाल लागला होता. "नापास," आत्याबाईंनी सांगितलं, आणि त्यांचा चेहरा इतका निवांत होता की बायकोनं आणि मी एकमेकांकडे पाहिलं. तोच वर्ग पुन्हा करायचा, तीन महिने आणखी. ताप आला नाही, असंही त्यांनी आपणहून सांगितलं. मग अभ्यास आहे म्हणून फोन ठेवला.

मामाजींनी बंद फोन उलटासुलटा करून पाहिला. मग विचारलं, "तिले तिथं कोणी बोलत तर नसन ना, जवाईबुवा?" मी नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली. थोड्या वेळानं, मला नाही, समोरच्या भिंतीलाच सांगावं तसं म्हणाले, "मी नापास झालो तं मायनं मले शिरा करून दिला होता. दोन्ही खेपा. हिले तिथं कोण करून देईन?"