नानांचा अर्धा फेरा

आमचे हे, म्हणजे धोंडीराम, गावाचे नाना, ट्रॅक्टर चालवायचे तेव्हा लांबून वाटायचं जात्यावर दळण दळतायत. स्टेअरिंग अर्धा फेरा फिरवलं तरी चाक ढिम्म! त्यापुढं कुठं ते हलायचं. स्टेअरिंगच्या बॉक्समधले आटे घासून गुळगुळीत झालेले. ऑइल गळायचं म्हणून ह्यांनी आत ग्रीस कोंबलं होतं, आणि वर मलाच ऐकवायचे, "अगं, वळण यायच्या आधीच हात फिरवायचा असतो. अक्कल लागते त्याला!"

खोटं कशाला बोलू, ती अक्कल होती ह्यांच्याकडं. द्राक्षाच्या ओळीत दोन्ही अंगाला हातभर जागा, पण ह्यांनी कधी मांडवाची एक तार तोडली नाय. हे तोऱ्यात, आणि मी मडगार्डवर जीव मुठीत धरून.

आमचा शेखर मात्र एकदा बसला आणि ट्रॅक्टर थेट कांद्याच्या रोपात घेऊन गेला. रोप माझं! मी जे तोंड सोडलं, तर पोरगं बापावरच उलटलं. "नाना, हे स्टेअरिंग नीट करा, नायतर भंगारात घाला."

भंगार म्हटल्यावर ह्यांनी जेवणाचं ताटच सारलं. पोरापेक्षा त्या ट्रॅक्टरवर जीव लय. सकाळीच दिंडोरीला हिरामण मिस्तरीकडं नेला. मिस्तरीनं बॉक्स खोलला आणि बोटभर ग्रीस ह्यांच्यापुढं धरलं. "नाना, स्टेअरिंगला शिरा खाऊ घालत होते का?" मग त्यानं घासलेला शाफ्ट बदलला, बेअरिंगा नव्या टाकल्या, ऑइल भरलं. आता नुसतं बोट लावलं की चाक वळतंय.

आणि तिथंच घोळ झाला! चाक सुधारलं, पण ह्यांच्या हाताला कोण सांगणार? घरी येईस्तोवर ट्रॅक्टर झिंगल्यासारखा रस्त्याच्या ह्या अंगाला, त्या अंगाला. बागेत आले, ओळीच्या तोंडाशी सवयीनं अर्धा फेरा मारला, आणि पुढचं चाक धाडकन मांडवाच्या लोखंडी अँगलवर. तार तुटली, कोवळे फुटवे मातीत. मी मडगार्डवरून "अहोऽ!" करून ओरडले.

शेखर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच बोलला, "नाना, उतरा. तुमच्यानं नाय होत आता. ढग आलेत, उद्या फवारणी करावीच लागंल. मी भाड्याचा ट्रॅक्टर सांगतो. ह्याला गिऱ्हाईक बघू."

हे उतरले. विहिरीकडं जाऊन गुपचूप मिस्तरीला फोन लावला, पण स्पीकर चालूच. "हिरामण, थोडं ढिलं करून दे ना रे." मिस्तरी इतक्या मोठ्यानं हसला, की मला इथपर्यंत ऐकू आलं. "नाना, मी दुरुस्त करतो, बिघडवत नाय!"

हे तिथंच बसून राह्यले. चहा नेला तर घेतला नाय. भांडायला तरी माणूस तोऱ्यात पाह्यजे!

मी पदर खोचला आणि चढले सीटवर. "या, बसा मडगार्डवर."

"तुला येतं का?"

"डेअरीला स्कूटी कोण नेतं? आणि इतकी वर्षं तुमच्या शेजारी काय डोळे मिटून बसले होते?"

पहिल्या गिअरात ट्रॅक्टर ओळीतून सरळ निघाला. माझ्या हाताला कुठली जुनी खोड नव्हती ना. बाजूनं ह्यांचं चालूच, "वळव, वळव, आता वळव!" बघते तर ह्यांचे हात हवेतच अर्धा फेरा मारतायत! मला हसू आवरंना. ट्रॅक्टर थांबवला, ह्यांना सीटवर बसवलं, मडगार्डवरून वाकून ह्यांच्या हातावर हात ठेवला.

"एवढंच फिरवायचं. भाकरी उलटायला लागतं, तेवढंच."

ह्यांच्या हाताला जुन्या फेऱ्याची ओढ आली की मी दाबायची. एक ओळ झाली, दुसरी झाली. लग्नात धरला होता, त्यानंतर चारचौघांत हात आजच धरला. बांधावरची खुरपणाऱ्या बायांची रांग तोंडाला पदर लावून खिदळत होती. खिदळा!

दिवस कलला तेव्हा शेखर ओळीच्या तोंडाशी आला. त्यानं आधी भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. मग म्हणाला, "आई, सोड की हात आता. नानांना जमतंय."

आयुष्यभर अक्कल मिरवलेला माणूस. समोर बघतच गुरकावला, "कुठं जमतंय? अजून एक ओळ लागंल."